सिकलसेलवर जनुकोपचार

गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांत सिकलसेल नवा नाही. हिमोग्लोबिनच्या जनुकातलं एकच अक्षर बदलतं, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं असह्य ठणकू लागतात.

२०२३च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने ‘क्रिस्पर’ या जनुक-संपादन तंत्रावर आधारित ‘कॅसजेव्ही’ या उपचाराला मंजुरी दिली. त्यातली युक्ती मला फार सुंदर वाटते. बिघडलेलं जनुक दुरुस्त करतच नाहीत! पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्यात हा बिघाड नसतो. जन्मानंतर ‘बीसीएल११ए’ हे जनुक त्याला आवर घालतं. रुग्णाच्याच मूळपेशी बाहेर काढून या जनुकाच्या नियंत्रक भागाला कात्री लावून त्या परत शरीरात सोडल्या, की ते गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागतं.

खरी अडचण पुढेच आहे. सुधारलेल्या पेशींना जागा करण्यासाठी आधी जबर केमोथेरपीने अस्थिमज्जा रिकामी करावी लागते. त्यात वंध्यत्वाचा धोका. शिवाय अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. म्हणूनच दिल्लीच्या ‘आयजीआयबी’ या संशोधन संस्थेतलं देशी क्रिस्पर उपचाराचं काम मोलाचं आहे. पेशी बाहेर न काढता थेट शरीरातच हे जनुक-संपादन करता येईल का, यावरही संशोधन सुरू आहे. ते साधलं तर केमोथेरपी टळेल, आणि मोठ्या शहरातल्या अस्थिमज्जा केंद्रावाचूनही उपचार देण्याची शक्यता निर्माण होईल.