एक किल्ली, अनेक कुलुपे

काही वर्षांपूर्वीची आषाढातील रात्र. बेळगावच्या पावसाला त्या दिवशी उसंत नव्हती. वीज गेलेली, मोबाईलला रेंज नाही, इंटरनेट बंद. अशा वेळी एक गृहस्थ झटके येत असलेल्या आपल्या चार वर्षांच्या मुलाला माझ्या दवाखान्यात घेऊन आले. नाकात मिडॅझोलामचा फवारा देऊन झटका थांबविला; परंतु आधीची औषधे व त्यांची मात्रा पाहावयास गेलो तो पंचाईत झाली. संगणक इन्व्हर्टरवर चालू होता, नोंदीही त्याच संगणकात होत्या; मात्र दोनच दिवसांपूर्वी बदललेला पासवर्ड मी स्वतःलाच ई-मेलने पाठवून ठेवला होता! अखेर वडिलांच्या खिशातील भिजलेल्या चिठ्ठीने वेळ निभावली. मूल बरे झाले. माझी झोप मात्र उडाली.

तेव्हापासून मी 'पासवर्ड मॅनेजर' वापरतो. ही एक तिजोरीच होय. बँक, ई-मेल, दवाखान्याच्या नोंदी अशा प्रत्येक ठिकाणासाठी ती निराळा, लांबलचक पासवर्ड तयार करते व सांभाळते. आपण केवळ तिजोरीचा मुख्य पासवर्ड लक्षात ठेवावयाचा. एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरणे म्हणजे एकच सुई दहा मुलांना टोचणे. एका ठिकाणची बाधा सर्वत्र पसरते. शिवाय बनावट संकेतस्थळाचा पत्ता मूळ पत्त्याशी जुळत नसल्याने तेथे मॅनेजर आपणहून पासवर्ड भरत नाही. घाईतल्या डोळ्यांना न दिसणारा फरक त्याला दिसतो.

आता मूळ प्रश्न : इंटरनेट नसेल तर काय? लस साठविण्याचा आइस-लाइन्ड रेफ्रिजरेटर वीज गेल्यावरही काही तास गारवा धरून ठेवतो, हे आपण जाणतो. बिटवॉर्डन, वनपासवर्ड यांसारख्या सेवाही तिजोरीची कूटबद्ध प्रत आपल्या प्रत्येक उपकरणात ठेवतात. ती तेथल्या तेथे उघडते. मात्र बिटवॉर्डनमध्ये 'लॉक' आणि 'लॉग आउट' यांत भेद आहे. लॉग आउट केल्यास पुन्हा आत शिरण्यास इंटरनेट लागते. २००३ साली आलेल्या कीपासची तऱ्हा निराळी. त्यात सारी तिजोरी आपल्याच संगणकातील एका फाइलमध्ये असते, इंटरनेटचा संबंधच नाही; परंतु ती फोनवर नेणे आणि दोन्हीकडील प्रती सारख्या ठेवणे हे काम आपले. आपली तिजोरी अडचणीत उघडेल की नाही, हे पाहण्यासाठी फोन 'फ्लाइट मोड'वर टाकून एकदा उघडून पाहावी.

सर्व पासवर्ड एकाच ठिकाणी ठेवणे धोक्याचे नाही काय, असे मित्र विचारतात. शंका रास्त आहे. २०२२ मध्ये लास्टपास या कंपनीकडील ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीस गेल्या. आतील पासवर्ड कूटबद्ध होते, संकेतस्थळांचे पत्ते मात्र उघडे होते. ज्यांचा मुख्य पासवर्ड दुबळा, त्यांना खरा धोका होता. म्हणून तो लांब असावा. परस्परांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द उत्तम. तो अन्यत्र कोठेही वापरू नये. बोटाच्या ठशाने तिजोरी उघडण्याची सोय चांगली. पण त्या सवयीने मुख्य पासवर्ड विस्मरणात जातो, तेव्हा अधूनमधून तो टंकावा. फोन हरवल्यास दुसऱ्या उपकरणावरून त्याचा प्रवेश तत्काळ रद्द करावा व महत्त्वाचे पासवर्ड बदलावेत.

मुख्य पासवर्ड सहसा कंपनीलाही ठाऊक नसतो. विसरलो तर तीही तो सांगू शकत नाही. म्हणून तो, तसेच दुहेरी पडताळणीचे आपत्कालीन कोड, कागदावर लिहून बंद पाकिटात घरच्या कपाटात ठेवावेत आणि पाकिटाची जागा पती किंवा पत्नीस सांगून ठेवावी. आपण डॉक्टरही कधी अचानक रुग्ण होतो. त्या दिवशी घरच्यांची अडवणूक होऊ नये.

त्या रात्री एका बापाने जपलेली कागदाची चिठ्ठी कामी आली. आमच्या कपाटातले पाकीट मी तिच्यावरूनच शिकलो.