तंबोरा, नंगारा आणि आकड्यांचा तक्ता

वाशिम जिल्ह्यातल्या पोहरादेवीला, मानोरा तालुक्यात, नंगाऱ्याच्या आकाराची एक भव्य इमारत आहे. बंजारा वारशाचं हे संग्रहालय ५ ऑक्टोबर २०२४ रोजी खुलं झालं. भांड्यावर कातडं ताणून केलेल्या नंगारा या वाद्याचा आवाज वेव्हटेबल सिंथेसायझरकडून काढून घ्यायला जा, तो फसतो. तंबोऱ्याचा मात्र तो बऱ्यापैकी जमवतो. गंमत अशी, की सिंथेसायझर महागडं जर्मन यंत्र असो की लॅपटॉपवर फुकट उतरवून घेतलेलं सॉफ्टवेअर, निकाल तोच लागतो.

कीबोर्ड वाजवणाऱ्यांत ‘हार्डवेअर बरं की सॉफ्टवेअर’ हा वाद कायम रंगतो. यंत्राचा आवाज भरीव आणि लॅपटॉपचा पातळ, असं ठासून सांगणारे भेटतात. कानांना काही फरक कळत नाही म्हणणारेही भेटतात. दोघांच्या पोटात काय चालतं ते एकदा पाहिलं, तर यातला बराचसा वाद तिथेच मिटतो. जो उरतो, तो आवाजापेक्षा वेगळ्याच गोष्टींचा असतो.

एका कंपनाची ओळ

स्थिर सूर म्हणजे हवेच्या दाबातला एकच चढउतार पुन्हा पुन्हा येणं. पांढरी सहाचा २२० हर्ट्झचा सूर घेतला, तर तो चढउतार सेकंदाला २२० वेळा होतो. त्यातली एकच फेरी घ्यायची, तिचं २०४८ ठिकाणी मोजमाप करायचं आणि आकडे ओळीनं लिहून ठेवायचे. ती ओळ सेकंदाला २२० वेळा वाचली की पांढरी सहा मिळते, ४४० वेळा वाचली की वरच्या सप्तकातली.

डिजिटल यंत्र सेकंदाला ठरावीकच आकडे बाहेर सोडतं, समजा ४४,१००. मग २२० हर्ट्झसाठी प्रत्येक वेळी ओळीत सुमारे १०.२२ घरं पुढे उडी मारावी लागते. दहावं घर आहे, अकरावं आहे, १०.२२वं घर नाही. तिथला आकडा शेजारच्या दोन आकड्यांवरून काढावा लागतो. याला इंटरपोलेशन म्हणतात.

इथवर झाली एक ओळ. अशा अनेक ओळी, प्रत्येकीचा घाट थोडा निराळा, एकाखाली एक मांडल्या की तक्ता तयार होतो. तोच वेव्हटेबल. सूर चालू असताना नॉब फिरवून किंवा आपोआप या ओळीवरून त्या ओळीवर सरकता येतं. पट्टी तीच राहते, आवाजाचा पोत बदलत जातो. सगळी करामत या सरकण्यात आहे.

तंबोरा का जमतो

तंबोऱ्याची तार छेडली की आवाज एकाच रंगाचा राहत नाही. रुंद, किंचित बाकदार घोडीवर तार घासत कापते, खाली सुताचा दोरा सरकवून जवारी लावलेली असते, आणि मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे अंशस्वर आळीपाळीनं उजळत जातात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली या घोडीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तार जिथे छेडली, तिथे ज्या अंशस्वराचा निस्पंद बिंदू येतो तो अंशस्वर ऐकू येऊ नये, असा तारांच्या कंपनांचा जुना नियम होता. तंबोऱ्यात आणि वीणेत तोही स्पष्ट ऐकू येतो, हे रामन यांनी दाखवून दिलं.

वेव्हटेबलच्या भाषेत सांगायचं तर पट्टी कायम आहे आणि एका फेरीचा घाट क्षणोक्षणी बदलतो आहे. म्हणजे मिरजेच्या तंबोऱ्याची एक तार ध्वनिमुद्रित करून तिच्या २५६ फेऱ्या क्रमानं कापल्या, की तक्ता तयार. हे कापणं फेरीच्या नेमक्या सुरुवातीला साधावं लागतं, नाहीतर सांध्यांवर खरखर होते. पण तत्त्वात अडचण नाही.

नंगाऱ्यात अडचण तत्त्वातच आहे. एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचली जात असेल, तर त्या आवाजात मूळ कंपनाच्या पूर्णांकी पटींशिवाय काही असूच शकत नाही. ताणलेलं गोल कातडं हे बंधन पाळत नाही. आदर्श पडद्याचं मूळ कंपन १ मानलं तर पुढची कंपनं १.५९, २.१४, २.३० अशी येतात. खालच्या भांड्यातली हवा हे आकडे सरकवते, तरी पूर्णांकांची ओळ काही जमत नाही. तबल्याची गोष्ट वेगळी. त्याची शाई पुडीच्या मध्यभागी वजन देते आणि पहिल्या काही कंपनांना पूर्णांकी पटींजवळ आणून ठेवते. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासोबत १९२० मध्ये आणि पुढे १९३४ मध्ये तबला-मृदंगाचं हे वैशिष्ट्य मांडलं. नंगाऱ्याला शाई नसते. त्याच्या आवाजाची एक फेरी कापून फिरवत ठेवली, तर कातड्याचा दणका जातो आणि ऑर्गनसारखा गुणगुणाट हाती येतो. म्हणून लग्नाच्या ऑर्केस्ट्रातल्या कीबोर्डवर ढोल-ताशाचे जे टोन असतात, ते बहुधा अख्ख्या ठोक्याचं ध्वनिमुद्रण असतं. त्याला सॅम्पलिंग म्हणतात. ते तंत्र वेगळं.

आधी सॉफ्टवेअर, मग यंत्र

हार्डवेअर हे मूळ आणि सॉफ्टवेअर ही त्याची नक्कल, असं आपण धरून चालतो. ओळीतले आकडे वाचून सूर काढण्याच्या बाबतीत क्रम उलटा आहे. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी १९५७ मध्ये आयबीएम ७०४ संगणकाकडून संगीत वाजवून घेतलं. ती पहिली रचना १७ सेकंदांची होती. पुढच्याच वर्षीच्या त्यांच्या म्युझिक-२ या प्रोग्रॅममध्ये १६ लहरींचे घाट स्मृतीत साठवलेले होते. पण आकडेमोड संथ. आज्ञा द्यायची, वाट पाहायची, मग ऐकायचं. बोट ठेवलं आणि सूर आला, हे त्या संगणकाच्या आवाक्याबाहेर होतं.

यंत्राची गरज पडली ती इथे. हॅम्बुर्गच्या वोल्फगांग पाम यांच्या पीपीजी कंपनीनं १९८१ मध्ये वेव्ह-२ हा कीबोर्ड बाजारात आणला. एका तक्त्यात ६४ घाट, प्रत्येक घाट १२८ आकड्यांचा, आणि त्यातलेही निम्मेच साठवून उरलेले आरशासारखे उलटवून घ्यायचे. एक तक्ता जेमतेम ४ किलोबाइटमध्ये बसतो. आजचं सेरम हे सॉफ्टवेअर २०४८ आकड्यांच्या २५६ ओळी ठेवतं, म्हणजे जवळजवळ सव्वापाच लाख आकडे आणि २ मेगाबाइट जागा.

त्याच सुमाराला, १९८२ मध्ये, मुंबईत चरणजित सिंग यांनी रोलँडच्या ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ या यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवून ध्वनिमुद्रिका काढली. ती यंत्रं वेव्हटेबलची नव्हती. पण कंपनीनं दिलेले आवाज कंपनीच्या कल्पनेबाहेर नेता येतात, हे त्या ध्वनिमुद्रिकेनं दाखवलं.

उणीव झाली ओळख

पीपीजीचे आकडे ८ बिटचे होते. दाबाचा सगळा चढउतार २५६ पायऱ्यांत बसवायचा. दुसुतीवर टाके मोजून भरलेल्या वेलीचं वळण जवळून पाहिलं की पायऱ्या दिसतात, तसंच या लहरीचं. शिवाय दोन आकड्यांच्या मधला आकडा काढत बसायला त्या यंत्राला सवड नव्हती. जवळचा साठवलेला आकडा उचलून ते पुढे जाई. यातून आवाजाला एक करकरीत, काचेरी धार आली. नंतर हा आवाज खऱ्या विद्युत-घटकांच्या अ‍ॅनालॉग फिल्टरमधून जाई. आठ आवाजांना आठ फिल्टर. दोन सुटे भाग कधी तंतोतंत सारखे नसतात, त्यामुळे प्रत्येक सुराची चव किंचित वेगळी. लोक ज्याला ‘हार्डवेअरचा भरीवपणा’ म्हणतात, त्यातला मोठा वाटा या काटकसरीचा आणि या विषमतेचा आहे.

सॉफ्टवेअरपुढचा प्रश्न वेगळा. सेकंदाला ४४,१०० आकडे सोडणाऱ्या यंत्रणेत २२,०५० हर्ट्झच्या वरचं कंपन मावत नाही, ते दुमडून खाली येतं. ३,००० हर्ट्झचा तीक्ष्ण सूर घ्या. त्याचा चौदावा अंशस्वर ४२,००० हर्ट्झचा. तो दुमडून २,१०० हर्ट्झवर उतरतो, म्हणजे मूळ सुराच्याही खाली, आणि त्याच्याशी पूर्ण बेसूर. याला एलियासिंग म्हणतात. चांगलं सॉफ्टवेअर प्रत्येक सप्तकासाठी तक्त्याची वेगळी, वरचे अंशस्वर छाटलेली प्रत ठेवतं. लॅपटॉपचा आवाज खराब येतो तेव्हा बहुतेक वेळा हे काम कोणीतरी आळसानं केलेलं असतं. २००० साली वाल्डॉर्फ या सिंथेसायझर कंपनीनं पीपीजीची सॉफ्टवेअर आवृत्ती काढली, तेव्हा त्या जुन्या करकरीसकट आवाज उभा करणं हाच तिचा हेतू होता. एके काळची उणीव विकत घेण्याजोगी वस्तू झाली. खुद्द पाम यांनीही पुढे २०१२ मध्ये आयपॅडसाठी वेव्हटेबलचं अ‍ॅप लिहिलं.

डबा उघडला तर

आता डबा उघडून पाहू. कोर्ग कंपनीच्या २०२१च्या मॉडवेव्ह या वेव्हटेबल कीबोर्डच्या आत रास्पबेरी पाय हा छोटा संगणक बसवलेला आहे, शाळा-कॉलेजच्या प्रकल्पांत दिसतो त्याच घराण्यातला. तोच सिंथेसायझर कोर्ग लॅपटॉपसाठी सॉफ्टवेअर म्हणूनही विकते. अशा वेळी ‘हार्डवेअर की सॉफ्टवेअर’ याचा अर्थ इतकाच, की प्रोग्रॅम कोणाच्या संगणकावर चालवायचा. अपवाद आहेत. वाल्डॉर्फच्या २०१८च्या क्वांटममध्ये लहरी डिजिटल असल्या तरी फिल्टर अ‍ॅनालॉग आहेत. तिथे मात्र विद्युतप्रवाहात घडणारं काहीतरी खरोखर वेगळं विकत मिळतं.

खरा फरक मंडपात कळतो. लॅपटॉप आकडे गठ्ठ्यानं तयार करतो. गठ्ठा २५६ आकड्यांचा असेल तर ५.८ मिलिसेकंद उशीर होतो. ध्वनी तेवढ्या वेळात सुमारे २ मीटर जातो, म्हणजे ढोलकीवाला दोन मीटरवर बसल्यासारखं झालं. कोणाला खटकत नाही. गठ्ठा १०२४चा केला की उशीर २३ मिलिसेकंदांवर, अंतराच्या हिशेबात ८ मीटरवर जातो, आणि बोटं व ठेका एकमेकांना सोडू लागतात. गठ्ठा लहान ठेवावा, तर प्रोसेसरला दम घ्यायला वेळ मिळत नाही. लग्नसराई ऐन उन्हाळ्यात; मे महिन्यात वाशिमचा पारा चाळिशीच्या पुढे असतो. तापलेला प्रोसेसर जीव वाचवायला आपला वेग कमी करतो, गठ्ठा वेळेवर भरत नाही आणि स्पीकरमधून तडतड ऐकू येते. जनरेटरवर लावलेल्या चार्जरची गुणगुण वेगळीच.

यंत्राच्या कामाचा आवाका कारखान्यातच ठरलेला असतो. मॉडवेव्ह एका वेळी ३२ सूर वाजवतो. तेहतिसावा आला की एक जुना सूर गपचूप सोडून देतो, तडतडत नाही. त्याला नवी अपडेट मध्येच आठवत नाही, फोन आला म्हणून तो बीप करत नाही. अंधारात नॉब हाताला लागतो. उलट घरी बसून तक्ता घडवायचा असेल, ओळ न् ओळ पडद्यावर पाहून दुरुस्त करायची असेल, तर लॅपटॉपला तोड नाही. यंत्राच्या चिमुकल्या पडद्यावर ते काम म्हणजे शिक्षाच.

मग घ्यायचं काय?

रिसोड-मालेगावच्या एखाद्या होतकरू वादकानं विचारलं, तर सल्ला सोपा आहे. सुरुवात सॉफ्टवेअरनं करावी. मॅट टायटेल यांचं २०२० साली आलेलं व्हायटल मूळ स्वरूपात फुकट मिळतं आणि त्याचा सोर्स कोडही खुला आहे. पैसे आधी हेडफोन आणि बऱ्या ऑडिओ इंटरफेसवर घालावेत. मंचावर दर आठवड्याला उभं राहायची वेळ आली की यंत्राचा विचार करावा, तोही आवाजासाठी नव्हे, भरवशासाठी.

राहिला तक्ता. सेरमच्या पद्धतीची २०४८ आकड्यांच्या ओळींची फाइल म्हणजे साधी वेव्ह फाइल. ती व्हायटल उघडतं आणि मॉडवेव्हमध्येही ती भरता येते. म्हणजे एकदा नीट कापलेला तंबोरा यंत्रातही वाजेल, लॅपटॉपवरही वाजेल, आणि दहा वर्षांनी येणाऱ्या तिसऱ्याच कशावर तरी वाजेल. बहुतेक सिंथेसायझरमध्ये आयते येणारे तक्ते परदेशी स्टुडिओंत घडलेले असतात. यंत्र कोणतं घ्यावं यावर भांडण्यात जाणारा वेळ आपल्या वाद्यांचे दोन-चार तक्ते घडवण्यात घातला, तर तो कोणत्याही खरेदीपेक्षा जास्त टिकेल.