तयार पॅकेज की घरचे कंपायलेशन?

लिनक्स वापरू लागलेल्या माणसासमोर लवकरच एक प्रश्न उभा राहतो. सॉफ्टवेअर तयार स्वरूपात घ्यावे, की त्याचा सोर्स कोड आणून ते आपल्याच संगणकावर घडवावे?

प्रोग्रामर लिहितो तो सोर्स कोड. तो माणसाला वाचता येतो, प्रोसेसरला मात्र थेट उमगत नाही. कंपायलर त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करतो आणि त्यातून ‘बायनरी’ तयार होते. १९९३ साली सुरू झालेल्या डेबियनमध्ये हे काम प्रकल्पाच्या यंत्रांवर आधीच उरकलेले असते. आपण एक आज्ञा द्यायची, की पॅकेज आणि त्याला लागणारी इतर पॅकेजेस थोड्याच वेळात बसवली जातात. जेंटूची मूळ रीत याच्या उलट आहे. तेथे सोर्स कोड आपल्या संगणकावर येऊन कंपाइल होतो. मोठ्या ब्राउझरला त्यासाठी काही तासही लागू शकतात.

या खटाटोपातून काय साधते? वेग, असे उत्तर अनेकदा मिळते. पण रोजच्या वापरात तो फरक सहसा जाणवत नाही. खरा लाभ निवडीचा आहे. जेंटूतील ‘यूज फ्लॅग’ वापरून नको असलेले भाग वगळता येतात. तयार पॅकेजमध्ये ही निवड पॅकेज बांधणाऱ्याने केलेली असते. अर्थात वेळेची किंमत जेंटूलाही कळते. डिसेंबर २०२३ मध्ये या प्रकल्पानेही तयार पॅकेजेस मोठ्या प्रमाणावर उपलब्ध केली.

मग सुरक्षिततेचे काय? स्वतः कंपाइल केले म्हणजे धोका टळला, हा समज मार्च २०२४ मधील ‘एक्सझेड’ प्रकरणाने खोटा ठरवला. फाइलींचा आकार कमी करणाऱ्या या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट दडवलेली होती. तिला कार्यान्वित करणारा भाग सार्वजनिक कोडभांडारात नव्हता. तो प्रकाशित केलेल्या सोर्स कोडच्या गठ्ठ्यात होता आणि कंपाइल होतानाच आपले काम करी. एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, हे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला खटकले, म्हणून ती उघडकीस आली.

तात्पर्य, कंपाइल करणे म्हणजे तपासणे नव्हे. एकाच सोर्स कोडपासून कोणीही बांधलेली बायनरी शेवटच्या बिटपर्यंत सारखी यावी, यासाठी डेबियनमध्ये २०१३ पासून प्रयत्न सुरू आहेत. त्यामुळे तयार पॅकेज त्याच कोडचे आहे, हे पडताळता येते. तो कोड निर्मळ आहे की नाही, हे मात्र कोणीतरी वाचूनच ठरवावे लागते. सर्वसामान्य वापरकर्त्याने वितरणाच्या अधिकृत भांडारातील पॅकेजेस वापरावीत आणि खास गरज असेल तेव्हाच कंपायलरला हात घालावा, हे उत्तम.