कशानंतर काय लावायचं?

गोव्याच्या रेडिओला सरमिसळ जन्मापासूनच अंगवळणी पडलेली. १९४६ मध्ये पणजीहून सुरू झालेल्या ‘एमिसोरा द गोवा’वर पोर्तुगीज, कोकणी, मराठी सगळं एकाच केंद्रावरून ऐकू यायचं. १९५२ नंतर आकाशवाणीने हिंदी चित्रपटगीतं दूर सारली, तेव्हा रेडिओचे काटे सिलोनबरोबर गोव्याकडेही वळत. १९६२ मध्ये एमिसोराची जागा आकाशवाणीने घेतली.

अशा सरमिसळीसाठी रेकॉर्डी कुणीही गोळा करील. देशोदेशीचं संगीत लावणाऱ्या निवेदकाचं कसब मला दिसतं ते एकाच ठिकाणी: कशानंतर काय लावायचं. याचा सर्वांत सुंदर नमुना १९७७ मध्ये व्हॉयेजर अंतराळयानांबरोबर गेलेल्या तबकडीवर आहे. तिच्यावरच्या २७ संगीततुकड्यांत केरीच्या गायिका केसरबाईंची भैरवी आहे, याचा गोव्याला सार्थ अभिमान. पण तिच्या मागेपुढे काय आहे? आधी ग्वान पिंगहू यांनी वाजवलेलं सात तारांचं चिनी वाद्य. नंतर टेक्सासच्या ब्लाइंड विली जॉन्सनचं १९२७ मधलं गिटार आणि एकही शब्द नसलेलं त्याचं गुणगुणणं. तिन्ही लागोपाठ ऐका. तारेवरून सरकणारं बोट, केसरबाईंची मींड, गिटारवरचा घसरता सूर... एकाने दुसऱ्यासाठी कान तयार केलेला असतो.

हीच जुळणी पेडणे-डिचोलीच्या श्रोत्यांसाठी करायची, तर सुरुवात घुमटापासून करावी. चवथीच्या आरतीला घरोघर वाजणारं हे मातीचं वाद्य दोन्ही तोंडांनी उघडं. मोठ्या तोंडावर कातडं ताणून बसवतात. पूर्वी ते घोरपडीचं असे, कायद्याने बंदी आल्यावर बकऱ्याचं आलं. वादक एका हाताने कातड्यावर बोल काढतो आणि दुसऱ्या हाताचा तळवा लहान तोंडावर ठेवतो, उचलतो. त्या उघडझाकीतून आतली हवा घुमते. जोडीला शामेळ आणि कासाळे.

नायजेरियातल्या इग्बो बायकांचं ‘उडू’ही मातीचंच. त्यावर कातडं नसतं, कुशीला एक भोक असतं. त्या भोकावर तळवा आपटून उचलला की तसाच खोल, ओला हुंकार निघतो. पेडण्यातल्या आरतीवाल्यांची बोटं तो ऐकताक्षणी मांडीवर चालू लागतील. आधी घुमट, मग उडू, आणि मध्ये निवेदकाने मुळीच बोलू नये. वाद्याचं नाव, गाव, मुलूख हे सगळं नंतर सांगता येतं. येत्या चवथीला एखाद्या सकाळी पणजी केंद्राने एवढे दोनच तुकडे लागोपाठ लावावेत.