जुन्या स्पोर्ट्‌स कारचा आवाज : गैरसमज आणि वस्तुस्थिती

इंजिनात निर्माण झालेली शक्ती क्लच, गिअरबॉक्स, शाफ्ट, डिफरेन्शियल आणि ॲक्सल यांच्यामार्फत चाकांपर्यंत पोहोचते, आणि या संपूर्ण साखळीला शक्तिप्रेषण यंत्रणा म्हणतात. जुन्या गाडीत या साखळीतला एखादा भाग घरघरू, कटकटू किंवा शीळ घालू लागला की ‘आवाज कुठून येतो’ हाच प्रश्न प्रथम विचारला जातो. आवाज केव्हा येतो, कोणत्या वेगाला वाढतो आणि कशाने थांबतो याची चौकशी मागाहून होते किंवा होतच नाही, आणि चांगले भाग बदलले जाण्याचे बरेच प्रकार या उलट्या क्रमातून घडतात.

गाडी कोणत्या घडणीची आहे, हे आधी पाहावे लागते. गोव्यात 1990 च्या दशकाच्या अखेरीस तयार झालेली सॅन स्टॉर्म ही दोन आसनांची, उघड्या टपाची गाडी रेनोच्या 1149 सीसी इंजिनावर चालणारी आणि पुढची चाके ओढणारी आहे. याउलट हिंदुस्तान काँटेसा किंवा प्रीमियर 118 एनई या हौशी मंडळींनी आजही जपलेल्या गाड्यांत इंजिन पुढे असून शक्ती मागच्या चाकांना मिळते, आणि त्यासाठी गाडीच्या पोटाखालून प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे लांब फिरता दांडा, नेलेला असतो. ‘आवाज येतोय म्हणजे क्रॉस गेला’ हे रस्त्याकडेच्या गॅरेजातले ठरलेले निदान असते. पण क्रॉस म्हणजे प्रोपेलर शाफ्टच्या युनिव्हर्सल जॉइंटचा चौफुला तुकडा, आणि स्टॉर्ममध्ये तो शाफ्टच नसल्यामुळे तिथे या निदानाला काही अर्थ उरत नाही.

आवाज जिथे ऐकू येतो तिथेच दोष असतो, हा समज सर्वांत चिवट आहे. कंपने पत्र्यातून, सबफ्रेममधून आणि रबरी फाउंडेशनमधून प्रवास करतात आणि जिथे मोठा, सैल पृष्ठभाग सापडेल तिथे घुमतात, त्यामुळे मागच्या डावीकडच्या बेअरिंगची घरघर चालकाच्या पाठीशी उजवीकडे ऐकू येणे मुळीच अशक्य नाही. उघड्या टपाच्या गाडीत वाऱ्याचा घोंगाट त्यात भर घालतो. यावर एक सोपा उपाय पालघर जिल्ह्यातल्या पाम, बोईसर आणि तारापूर औद्योगिक वसाहत या पट्ट्यात सहज करता येतो : कारखान्याच्या लांब, भक्कम आवारभिंतीला समांतर, रहदारी नसताना, काच खाली करून 20-30 किलोमीटर वेगाने गाडी न्यावी आणि मग उलट दिशेने दुसरी बाजू भिंतीकडे करून परत आणावी. चाकाचा आवाज पत्र्यातून न घुमता भिंतीवरून परतून कानावर येतो, आणि कोणत्या फेरीत तो अधिक स्पष्ट आहे यावरून निदान बाजू तरी ठरते.

आता ‘केव्हा’ या प्रश्नाकडे वळता येईल. इंजिनाचा वेग आणि रस्त्यावरचा वेग या दोन गोष्टी एकमेकींपासून तोडल्या की बहुतेक संशयित गळतात. ताशी 60 किलोमीटर वेगाला आवाज येत असेल, तर तोच वेग ठेवून चौथ्या गिअरमधून तिसऱ्यात यावे. इंजिन जोरात फिरू लागले तरी आवाजाची पट्टी बदलली नाही, तर दोष गिअरबॉक्सनंतरच्या भागात, म्हणजे शाफ्ट, डिफरेन्शियल, चाकाचे बेअरिंग किंवा टायर यांत शोधावा. पट्टी इंजिनाबरोबर चढली, तर शोध क्लच आणि इंजिनाकडे वळतो. यामागे साधे गणित आहे. चाकाचा घेर 1.8 मीटर आणि डिफरेन्शियलचे गुणोत्तर 4 धरले, तर ताशी 60 किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला सुमारे 9 वेळा आणि प्रोपेलर शाफ्ट सुमारे 37 वेळा फिरतो. पिनियनला, म्हणजे डिफरेन्शियलमधल्या लहान दातेरी चाकाला, 10 दाते असतील तर दातांची गाठ सेकंदाला 370 वेळा पडते. म्हणून चाकाचा दोष जड थडथडीसारखा, शाफ्टचा असमतोल घूं-घूं अशा गुंजनासारखा आणि दातांची झीज शिळेसारखी जाणवते. कानाला नेमके आकडे कळत नाहीत, पण थडथड आणि शीळ यांतला फरक कुणालाही कळतो.

शक्तीचा भार हा दुसरा निकष आहे, आणि पालघर-मनोर रस्त्यावरची वाघोबा खिंड त्यासाठी जणू तयार प्रयोगशाळाच आहे. चढावर ॲक्सिलरेटर दाबलेला असताना क्राउन (पिनियन फिरवतो ते मोठे दातेरी चाक) आणि पिनियन यांच्या दातांची एक बाजू भार घेते; उतारावर पाय उचलला की चाके इंजिनाला ओढू लागतात आणि भार दातांच्या दुसऱ्या बाजूवर जातो. चढावर शीळ आणि उतारावर शांतता, किंवा याच्या नेमके उलट, असा फरक पडत असेल तर बोट दातांकडे आणि पिनियनच्या बेअरिंगकडे दाखवावे लागते. चाकाच्या बेअरिंगला मात्र पाय दाबला की उचलला याच्याशी फारसे देणेघेणे नसते. त्याला वळणाचे सोयरसुतक असते. गाडी डावीकडे वळली की वजन उजव्या चाकांवर येते, आणि त्या क्षणी घरघर वाढली तर उजवे बेअरिंग संशयित ठरते.

उभ्या गाडीतही बरेच कळते. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू असताना येणारी घरघर क्लचचे पेडल दाबताच थांबली, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे किंवा त्याला जोडलेल्या दुय्यम शाफ्टचे बेअरिंग झिजले असावे, कारण पेडल दाबल्यावर ते शाफ्ट फिरायचे थांबतात. उलट पेडल दाबल्यावरच किणकिण सुरू होत असेल, तर रिलीज बेअरिंग, म्हणजे क्लच सोडवताना प्रेशर प्लेटवर दाब देणारे बेअरिंग, वाजते आहे. या दोन्ही प्रकारांना ‘गिअरबॉक्स गेला’ असे एकच नाव देण्याची प्रथा खर्चीक आहे. मागची चाके फिरवणाऱ्या जुन्या गाड्यांच्या गिअरबॉक्सांत चौथा गिअर बहुधा ‘डायरेक्ट’ असतो, म्हणजे शक्ती दुय्यम शाफ्टला वळसा न घालता सरळ पुढे जाते. तेव्हा पहिल्या तीन गिअरांत येणारा आवाज चौथ्यात जवळजवळ नाहीसा झाला, तर झीज दुय्यम शाफ्टच्या बाजूला आहे, हे गिअरबॉक्स न उघडता सांगता येते.

स्टॉर्मसारख्या गाडीत पूर्ण वळणावर येणारी कट-कट-कट ही बाहेरच्या सीव्ही जॉइंटची ओळख आहे. हा सांधा चाक कितीही वळले तरी एकसमान गतीने शक्ती पोहोचवतो आणि त्याच्या पोटात सामान्यतः सहा गोळे असतात. सांधा आपोआप झिजला, असे समजले जाते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा त्याच्यावरचे रबरी बूट आधी फाटलेले असते, ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला गोल उडालेले असते आणि त्याच्या जागी रस्त्यावरची कच आत गेलेली असते. बूट फाटल्यावर लगेच बदलले, तर सांधा वाचू शकतो. कटकट सुरू झाल्यावर नवे ग्रीस भरल्याने काही दिवसांची शांतता तेवढी मिळते.

जॅकवर उचललेले चाक हाताने फिरवून आवाज आला नाही म्हणजे बेअरिंग ठीक, हेही खरे नाही, कारण त्या वेळी त्यावर गाडीचे वजनच नसते. चाक फिरवताना दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवला तर खरखरीत बेअरिंगची थरथर बोटांना जाणवते. कानापेक्षा ही बोटे अधिक विश्वासार्ह. मागचे एकच चाक उचलून इंजिनाच्या जोरावर ते फिरवणे मात्र टाळावे. डिफरेन्शियलमुळे जमिनीवरचे चाक थांबलेले असताना उचललेले चाक स्पीडोमीटर दाखवतो त्याच्या दुप्पट वेगाने फिरते, आणि खालचे चाक पकड घेऊन गाडी जॅकवरून उडी मारू शकते.

जाड ऑइल टाकले की आवाज जातो, असे म्हणतात, आणि तो काही काळ जातोही. झिजलेल्या दातांमधली फट भरली जाते इतकेच. काढलेल्या ऑइलकडे पाहणे अधिक फायद्याचे. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडी, लोण्यासारखी मऊ पेस्ट असणे ही वयोमानाची झीज आहे, पण बोटाच्या चिमटीत टोचणारे चकचकीत कण बेअरिंगचे किंवा दातांचे असतात, आणि सोनेरी भुकटी गिअर बदलताना घासणाऱ्या पितळी सिंक्रोनायझर रिंगांची असते. डिफरेन्शियलसाठी असलेले जीएल-5 प्रतीचे ऑइल ‘भारी’ म्हणून जुन्या गिअरबॉक्समध्ये ओतण्याचा मोह याच पितळेला नडू शकतो, कारण त्यातली गंधकयुक्त रसायने पिवळ्या धातूंवर परिणाम करतात; उत्पादकाने जीएल-4 सांगितले असेल तर तेच वापरावे.

राहता राहिली उभी ठेवलेली गाडी. पामपासून समुद्र लांब नाही, आणि खाऱ्या दमट हवेत चार महिने पावसाळा काढलेली गाडी ‘चालवली नाही म्हणून झिजली नाही’ असे मानता येत नाही. स्टॉर्मचे फायबरचे अंग गंजत नाही, याचा मालकांना रास्त अभिमान असतो, पण त्या अंगाखालचे बेअरिंग पोलादाचेच असते. गाडी एकाच जागी उभी राहिली की गोळे धावपट्टीवर जिथे टेकतात तिथे ग्रीस बाजूला सरते, ओल शिरते आणि गंजाचे बारीक खड्डे पडतात. काँटेसाच्या क्रॉसच्या टोप्यांभोवती दिसणारी तांबूस भुकटीही आतले सुईसारखे रोलर कोरडे पडल्याची खूण असते. ‘चार दिवस चालवली की आवाज सुटतो’ हा सल्ला ब्रेक डिस्कच्या बाबतीत खरा आहे, कारण डिस्कवरचा गंजाचा थर पहिल्या काही ब्रेकांतच घासून जातो. बेअरिंगच्या धावपट्टीवरचे खड्डे तसे भरून येत नाहीत. म्हणून पावसाळ्यानंतर पहिल्यांदा बाहेर काढलेल्या गाडीची खरखर बोईसर सोडताना ऐकू आली तर घाई करू नये. चिल्हार फाट्यापर्यंत, ब्रेक चांगले तापल्यावरही, तीच घरघर वेगाबरोबर चढत असेल, तर पुढचा मुक्काम बेअरिंग प्रेसवर काढून देणाऱ्याच्या दुकानात करावा.