माल्कमचा आठ लाखांचा हिशेब

३ जून १८१८ रोजी असीरगडाजवळ दुसरा बाजीराव जॉन माल्कमच्या छावणीत आला आणि पेशवाई संपली. समोरचा ब्रिगेडियर जनरल स्कॉटलंडमधल्या सतरा भावंडांच्या घरातला. तेरा-चौदा वर्षांचा असताना ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेत आलेला, फारसी शिकून इराणच्या शहाकडे वकील म्हणून गेलेला. पाच महिन्यांपूर्वीच महिदपूरला क्षिप्रा ओलांडून त्याने होळकरांच्या तोफांवर हल्ला चढवला होता.

बाजीरावापुढे मात्र त्याने करार ठेवला. गादी सोडायची, दख्खनेत पुन्हा पाऊल टाकायचे नाही, उत्तरेत गंगाकाठी राहायचे आणि वर्षाला आठ लाख रुपये घ्यायचे. आश्रित जहागीरदार, ब्राह्मण आणि देवस्थाने यांची काळजी वाहण्याचेही वचन होते. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जला ही रक्कम फार वाटली. माल्कम पावसाकडे पाहत होता. एकदा नद्या भरल्या की पाठलाग थांबणार. शिंद्यांच्या किल्लेदाराने बाजीरावाला असीरगडात घेतले, तर वेढा महिनोन्‌महिने चालणार. आणि पेशवा मोकळा फिरतोय तोवर लढाईची आशा जिवंत राहणार. माझ्या मते या तहात दया कमी आणि मराठी मुलखाची जाण जास्त होती. इनामे आणि देवस्थाने शाबूत राहिली, तर माणसे शांत बसतात, हे त्याने ओळखले होते. पराभव आपलाच असला तरी ही जाण नाकारता येत नाही.

ती त्याच्या लिखाणातही दिसते. माळव्यावरच्या १८२३ च्या ग्रंथात त्याने अहिल्याबाई होळकरांची कारकीर्द तपशिलाने मांडली. लोक त्यांची स्तुती वाढवून सांगत असतील अशी शंका घेऊन त्याने चौकशी केली, आणि चौकशीनंतर त्याचा आदर वाढलाच. पुढे १८२७ ते १८३० तो मुंबईचा गव्हर्नर होता. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून जागा मिळवून त्याने महाबळेश्वर वसवले. तिथल्या माल्कम पेठेला त्याचेच नाव मिळाले.

माल्कम १८३३ मध्ये वारला. बाजीराव मात्र गंगाकाठच्या बिठूरला १८५१ पर्यंत जगला आणि कंपनीने एकूण अडीच कोटींहून जास्त रुपये मोजले. पेन्शन बाजीराव आणि त्याच्या कुटुंबासाठी, असे तहात लिहिले होते. दत्तक पुत्रही कुटुंबातलाच, हे बाजीरावाचे दत्तक पुत्र नानासाहेब यांचे म्हणणे गव्हर्नर जनरल डलहौसीने फेटाळले. त्यांचे वकील अजीमुल्ला खान थेट लंडनपर्यंत गेले आणि रिकाम्या हाताने परतले. १८५७ च्या जूनमध्ये कानपूरला कंपनीच्या फौजेला वेढा पडला, तो नानासाहेबांच्या नेतृत्वाखाली.