ट्रॅक्टरची गळती पुसू नका, कारण शोधा

गंगाखेड तालुक्यातील आपल्या वस्त्यांत ट्रॅक्टर आता नवलाचा राहिलेला नाही. नवा घेण्याची ऐपत नसली तरी वीस-तीस वर्षे चाललेला जुना ट्रॅक्टर घेऊन नांगरणी, पेरणी आणि ऊसवाहतुकीवर संसार चालविणारी कुटुंबे समाजात आहेत. मॅसी, महिंद्रा, स्वराज, एचएमटी ही नावे पोरांच्या तोंडी असतात. एचएमटीने १९७१ साली पिंजोरला ट्रॅक्टर बनविण्यास सुरुवात केली आणि २०१६ साली तो धंदा बंद करण्याचा निर्णय सरकारने घेतला. कारखाना बंद होतो, पण यंत्र शेतात चालूच राहते. त्याची निगा मग ज्याच्या दारात ते उभे आहे त्यालाच शिकावी लागते.

बाबासाहेबांनी १९४७ सालच्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये शेती हा राज्याचा उद्योग असावा आणि अवजारे, बी-बियाणे, खत, पाणी राज्याने पुरवावे, अशी मागणी केली होती. ती मान्य झाली नाही. म्हणून कर्ज काढून घेतलेले जुने अवजार हेच आमच्या भूमिहीन माणसाचे भांडवल आहे. ते थेंबाथेंबाने गळू देणे आम्हांस परवडणारे नाही.

थोडा हिशेब करू. दर दहा सेकंदांना एक थेंब पडला तर दहा तासांत ३६०० थेंब होतात. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर हे १८० मिलिलिटर झाले. म्हणजे सहा दिवसांत एक लिटरहून जास्त ऑइल मातीत गेले. पैसा गेला आणि रानही नासले.

पुष्कळ जण वरून ऑइल ओततात आणि खालून फडक्याने पुसतात. तथागतांनी दुःखाचे कारण शोधायला सांगितले. यंत्रालाही तोच न्याय लावावा. इंजिन थंड असताना डिझेल आणि ब्रशने ते स्वच्छ धुवून कोरडे करावे. मग थोडा वेळ चालवून, बंद करून पाहावे. ऑइल खाली ओघळते आणि पंख्याच्या वाऱ्याने मागे पसरते. म्हणून सर्वांत वरची व पुढची ओली जागा हेच बहुधा गळतीचे मूळ असते. टॅपेट कव्हरचे पॅकिंग फाटले असेल, तर चेंबर उघडण्याचे कारण नाही. पत्र्याच्या कव्हरचे बोल्ट बळाने आवळले की पत्रा वाकतो आणि गळती वाढते.

अनेक ठिकाणांहून एकदम ऑइल येत असेल तर आधी ब्रीदर पाहावा. तो तुंबला की इंजिनातला दाब सीलमधून ऑइल बाहेर ढकलतो. ब्रीदर साफ असूनही त्यातून धूर जोराने येत असेल, तर रिंगा झिजल्या आहेत असे समजावे. तिथे नुसती सीले बदलून पैसे वाया जातात. सील बदलताना शाफ्टवर बोट फिरवावे. त्यावर खाच पडली असेल तर नवे सीलही गळेल.

क्लच हाऊसिंगखाली छिद्र असते, त्यात बऱ्याचदा पिन असते. तिथून काळे ऑइल पडले तर इंजिनचे मागचे सील आणि तपकिरी, दाट ऑइल पडले तर गिअरबॉक्सचे सील तपासावे. गळती दिसू नये म्हणून काही जण ते छिद्रच बंद करतात. मग ऑइल क्लचप्लेटवर जाते आणि दुखणे महागात पडते.

सर्वांत धोक्याची गळती मागच्या चाकाच्या ॲक्सलची. नव्या ट्रॅक्टरचे ब्रेक बऱ्याचदा तेलातच चालतात. जुन्यांचे ब्रेक मात्र बहुधा कोरडे असतात. ॲक्सलचे सील गेले की लायनर ओले होते आणि ब्रेक लागत नाही. त्याच ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत कापूस वेचायला निघालेल्या आमच्या आया-बहिणी आणि ऊसतोडीला निघालेली लेकरे बसलेली असतात. बालाघाटाच्या उतारावर ब्रेक सुटला तर कोणाचे घर उजाड होईल, हे वेगळे सांगायला नको. चाकाच्या आतल्या बाजूला ओला डाग दिसला की ट्रॅक्टर जागेवरच उभा करावा. ऑइल लागलेले लायनर पुसून चालत नाही, ते बदलावे. मालक घाई करीत असेल तर ड्रायव्हरने ठामपणे नाही म्हणावे, आणि बायांनीही त्या ट्रॉलीत बसू नये. एका दिवसाची मजुरी बुडेल, जीव वाचेल.

दुरुस्तीच्या वेळी चाकांना दगड लावावेत आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही खाली शिरू नये. भक्कम लाकडी ठोकळे द्यावेत. जळके ऑइल नाल्यात वा गोदेत ओतू नये. डब्यात साठवून ते घेणाऱ्याला द्यावे.

आमची शेकडो मुले ट्रॅक्टर चालवितात, पण पाना हाती धरणारी थोडी. आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेल आणि मेकॅनिक ट्रॅक्टर हे अभ्यासक्रम असतात. दहावीनंतर घरी बसलेल्या मुलाला आणि मुलीलाही तिथे पाठवा. दुसऱ्याचे यंत्र हाकणे ही मजुरी झाली. ते उघडून नीट करता येणे हा हातचा धंदा आहे. आमच्या पुढच्या पिढीने तो मिळवावा.

जयभीम!